मांजराचा परवाना : कर नव्हे, जबाबदारी



मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधावयाची, ही उंदरांच्या सभेतील अडचण सर्वश्रुत आहे. आज शहरांच्या महापालिकांपुढे हाच प्रश्न निराळ्या अर्थाने उभा आहे. घरी पाळलेल्या मांजराची नोंद कोणी व कशासाठी करावी, हा तो प्रश्न होय.

हैदराबाद शहराचे उदाहरण घ्यावे. २००७ साली स्थापन झालेल्या बृहद् हैदराबाद महानगरपालिकेने पाळीव कुत्र्यांच्या नोंदणीची व्यवस्था केली. त्यामुळे परवाना म्हटला की तेथील नागरिकांस कुत्र्याचीच आठवण होते. मांजर मात्र जुन्या वाड्यापासून नव्या सदनिकेपर्यंत मुक्तपणे वावरते. ते कोणाचे, असे विचारले तर शेजारी एकमेकांकडे बोट दाखवितात. जानेवारी २०२३ मध्ये याच शहराच्या वनस्थळीपुरम भागातून एक किमती मांजर चोरीस गेल्याची तक्रार पोलिसांत नोंदविली गेली. अशा वेळी मालकीचा लेखी पुरावा किती उपयोगी पडतो, हे सांगणे नलगे.

परंतु नोंदणीचे खरे कारण याहून गंभीर आहे. रेबीज हा रोग केवळ कुत्र्यामुळे होतो, असा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः रोगबाधित मांजराच्या चाव्याने वा ओरखड्यानेही तो माणसास होऊ शकतो. लक्षणे एकदा प्रकट झाली की रोगी वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही. "मांजरच तर आहे, जरासे नख लागले," असे म्हणून जखमेवर हळद वा चुना लावून स्वस्थ बसणे प्राणघातक ठरू शकते. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता सरकारी दवाखाना गाठावा. हैदराबादेत नारायणगुडा येथील इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन ही संस्था अशा लसीकरणासाठी सर्वांच्या परिचयाची आहे.

पुणे महानगरपालिकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये कुत्र्यांबरोबर मांजरांचीही नोंदणी आवश्यक केली. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून वीस आठवड्यांवरील प्रत्येक पाळीव मांजराच्या कातडीखाली ओळख पटविणारी चिप बसविणे बंधनकारक झाले. मार्ग निराळे असले तरी उद्देश एकच : प्राण्यामागे जबाबदार मालक उभा असावा.

"मांजरावरही कर आला," अशी तक्रार काहींच्या तोंडी ऐकू येते. ती समजण्याजोगी आहे, परंतु फी हा या व्यवस्थेचा गाभा नव्हे. परवाना काढताना लसीकरणाचा दाखला दाखवावा लागला, म्हणजे लस टोचून घेणे आपोआप घडते. मांजराचे पिल्लू सुमारे तीन महिन्यांचे झाले की पहिली लस द्यावी व पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर द्याव्यात. नको असलेली पिल्ले पोत्यात घालून नदीपलीकडे सोडण्याची जुनी रीत तर सर्वस्वी त्याज्य होय. उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये अपराध आहे. त्याऐवजी वेळीच नसबंदी करून घेणे हाच सुज्ञ उपाय.

खेड्यात परवान्याची सक्ती नसेल. तेथे रोगाचे भय मात्र आहेच. ग्रामस्थांनी मांजरास नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. शिक्षकांनी वर्गात एवढेच बिंबवावे की, मांजराने ओरबाडले तर मुलाने ते घरी लपवू नये. अधिकाऱ्यांनी नोंदणीची रीत सोपी ठेवावी व दंडाआधी माहिती द्यावी.

परवान्याचा कागद मांजरास वाचता येत नाही. तो वाचावयाचा आहे मालकाने. त्यावरील लसीची पुढील तारीख चुकू न देणे, हेच त्याचे कर्तव्य होय.