आईची रजा, लेकराची शाळा
(वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही गिरणीत राबणारी माणसं. शाळा थोडीच झाली, बाकीचं वाचन पाळी सुटल्यावरचं. म्हणून आपल्या अंबडच्या घराघरात उपयोगी पडेल तेवढंच बोलतो.

२८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात कामगार मातांसाठी उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, त्याचा मोठा भार सरकारनं उचलावा आणि बाईच्या श्रमावर फायदा घेणाऱ्या मालकालाही जबाबदारी टाळता येणार नाही, असं त्यांनी मांडलं. १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला. देशातला तो पहिला. १९६१ साली सगळ्या देशासाठी कायदा आला. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला; रजा तेवढीच राहिली.

आता एमआयडीसीकडे बघा. आपल्या लेकी-सुना ठेकेदाराकडे कामाला. रजेसाठी आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस भरावे लागतात. पण हजेरी लागत नाही, मध्येच ब्रेक मिळतो. पोट दिसू लागलं की 'उद्यापासून येऊ नको'! भगिनींनो, दिवस भरलेले असतील तर गरोदरपणी कामावरून काढलं तरी लाभ बुडत नाही, असं कायदाच सांगतो. पण ते दिवस दाखवायचे कशावरून? हजेरी कार्ड, पगाराची स्लिप, ईएसआयचा नंबर, एवढं मागून घ्या आणि पेटीत जपून ठेवा.

लेकरांचंही तेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ६ ते १४ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षण आहे आणि खासगी विनाअनुदानित शाळेत प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांना राखीव आहेत. अनुसूचित जातीच्या मुलाला तिथं उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला पुरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलून, जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून सूट दिली. लोक कोर्टात गेले आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. गप्प बसले असते तर जागा गेल्याच होत्या!

१ एप्रिल २०२३ नंतर पिवळ्या किंवा केशरी रेशनकार्डाच्या घरात मुलगी जन्मली, तर 'लेक लाडकी' योजनेत ती १८ वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्यानं १ लाख १ हजार रुपये मिळतात. बाप वारलेल्या लेकरासाठी बालसंगोपन योजना आहे. चौदाच्या आतलं पोर हॉटेलात कपबशा धुताना दिसलं तर १०९८ ला फोन लावा.

कुणी म्हणतं, सरकार फुकट देतं. बंधूंनो, ही भीक नव्हे. झगडून मिळवलेला हा हक्क आहे आणि न मागता तो घरी चालत येत नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच. दर रविवारी वंदना झाली की विहारात एक तास टेबल मांडू. कॉलेजातल्या मुला-मुलींनी फॉर्म भरावेत, आयांनी कागद आणावेत. कुणाच्या घरी बाळ येणार, कुणाचं पोर सहा वर्षांचं झालं, कुणाचा दाखला अडलाय, याची वही ठेवू. पुढच्या वर्धापनदिनी ती वही इथं वाचून दाखवू. एवढं बोलून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम! जय भारत!