नवी प्रणाली, जुनी छायाचित्रे

शाळेचे स्नेहसंमेलन आटोपले की कोणी तरी उत्साही गुरुजी किंवा बाई शे-दोनशे छायाचित्रे संगणकावर घेऊन बसतात. एखाद्यात उजेड कमी पडलेला असतो, एखाद्यात तांबड्या कनातीमुळे मुलांचे चेहरे तांबडेलाल दिसतात. रात्र रात्र जागून ते सारे सुधारले जाते. पुढे एके दिवशी संगणक विचारतो, “नवी प्रणाली आली आहे, घालू का?” आपण हो म्हणतो. आणि दुसऱ्या दिवशी छायाचित्रे सुधारण्याचा तो प्रोग्रॅम उघडतच नाही! असे का होते, आणि त्यात आपले नेमके काय बुडू शकते, ते आज पाहू.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारी मुख्य प्रणाली. बाकीचे प्रोग्रॅम तिच्या आश्रयाने राहतात, वाड्यात बिऱ्हाडे राहावीत तसे. मालकाने वाडा नव्याने बांधला, तर जुन्या बिऱ्हाडांची सोय त्यात राहीलच असे नाही.

याचे ठळक उदाहरण 2019 सालचे आहे. ॲपलच्या मॅक संगणकांसाठी त्या वर्षी ऑक्टोबरात कॅटालिना नावाची प्रणाली आली, आणि तिने 32 बिटांचे प्रोग्रॅम चालवणे बंद केले. आता बिट म्हणजे काय? शून्य किंवा एक, एवढाच एक अंक. संगणकाच्या मेमरीतल्या प्रत्येक घराला पत्ता लागतो. तो पत्ता अशा 32 अंकांचा असला, तर घरे होतात 4,29,49,67,296. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण संगणकाच्या हिशेबात हे अवघे 4 जीबी. आता कॅमेऱ्याचे एक चित्र घ्या. आडवे 6000 ठिपके, उभे 4000, म्हणजे एकूण 2 कोटी 40 लाख. प्रत्येक ठिपक्याचे तांबडा, हिरवा, निळा असे तीन रंग, दर रंगाला एक घर धरले तरी एका चित्राला 7 कोटी 20 लाख घरे लागली. त्यावर दुरुस्तीचे थर चढू लागले की ही वस्ती भरायला कितीसा वेळ! म्हणून 64 बिटांचे पत्ते आले. काही वर्षे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदल्या, मग जुनी काढून टाकली. हे अवचित झाले असेही नाही. 2018 सालीच जुना प्रोग्रॅम उघडताना इशारा दिसू लागला होता. पण असले इशारे आपण वाचतो कुठे?

गंमत अशी, की ॲडोबीचा 2012 सालचा फोटोशॉप सीएस 6 मॅकवर मुळात 64 बिटांचाच होता. परंतु तो बसवून देणारे आणि परवाना तपासणारे भाग राहिले 32 बिटांचे. गाडी धडधाकट, पण जू मोडलेले! बरे, नवा घ्यावा तर 2013 सालीच कंपनीने जाहीर केले होते, की यापुढच्या आवृत्त्या वर्गणीवर मिळतील. ज्याचे पोट लग्नाच्या फोटोंवर आहे, त्याने ती वर्गणी जरूर भरावी. शाळेने भरावी असे मला वाटत नाही. 1996 पासून लोकांच्या हाती असलेला गिम्प हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. फोटोशॉपच्या फायली तो थरांसकट उघडतो. मात्र सगळे परिणाम जसेच्या तसे उतरतीलच असे नाही.

पण प्रोग्रॅम बंद पडला हे खरे नुकसान नव्हे. लाइटरूम किंवा ॲपलचाच ॲपर्चर यांसारखे प्रोग्रॅम मूळ चित्राला हात लावत नाहीत. उजेड किती वाढवला, रंग कसा बदलला, हे ते आपल्या वहीत टिपून ठेवतात आणि उघडताना चित्र त्याप्रमाणे दाखवतात. पद्धत उत्तमच आहे, कारण मूळ चित्र शाबूत राहते. पण ॲपर्चरची पुढची वाढ 2014 साली थांबली आणि कॅटालिनावर तो चालेनासा झाला. ज्यांनी आधी काही केले नव्हते, त्यांची चित्रे राहिली. वही लिहिणारा प्रोग्रॅम मात्र राहिला नाही. म्हणजे तांबडे चेहरे पुन्हा तांबडेच दिसण्याची भीती!

यासाठी नव्या प्रणालीला हो म्हणण्यापूर्वी सुधारलेली चित्रे प्रोग्रॅममधून बाहेर काढावीत. एक्स्पोर्ट म्हणतात ते हेच. महत्त्वाची चित्रे टिफ या प्रकारात काढावीत. जेपीईजीची फाइल लहान होते खरी, पण दर वेळी दुरुस्त करून पुन्हा साठवली की थोडा तपशील गळतो. मूळ चित्रे आणि ती वही, दोन्हींची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यावी. नव्या प्रणालीवरून मागे फिरायचे, तर बहुधा संगणक पुसून सारे पुन्हा भरावे लागते.

आपल्याकडे बहुतेक शाळांत विंडोज असते. विंडोज 10 ची नेहमीची देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली, त्यामुळे हा प्रश्न तिथेही दारात आहे. विंडोज 11 वर 32 बिटांचे प्रोग्रॅम चालतात, एवढा दिलासा. त्याहून जुने, 16 बिटांचे, चालत नाहीत.

आणि हो, नक्कल घेतली की ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार-दोन चित्रे उघडून पाहावीत. नुसती नावे दिसली म्हणजे आत चित्र आहेच असे नव्हे. प्रणाली बदलायची ती सुट्टीत. संमेलनाच्या आठवड्यात तर मुळीच नको.