कुमारवयातील अस्थिर मन : घर, शाळा आणि वसतिगृह

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात आदिलाबाद येथे दिलेले व्याख्यान)



देणग्यांचा व इमारतींचा हिशेब अहवालात आलाच आहे. त्यात न आलेली एक बाकी आज आम्ही मांडणार आहोत.

काही वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहात नववीतली एक मुलगी होती. सातवीपर्यंत ती मराठी शाळेत शिकली. पुढे तेलुगू माध्यमाच्या वर्गात तिच्या उच्चारांना मुले हसत. आज एका मैत्रिणीवर जीव टाकी, तर उद्या तिचे तोंड पाहीनाशी होई. घरून फोन यायला उशीर झाला की ‘मला सगळ्यांनी टाकले’ म्हणून रात्रभर रडे. एके दिवशी तिने स्वतःला इजा करून घेतली. आम्ही समिती बोलावली, ‘हे नाटक आहे, इतर मुली बिघडतील’ असे ठरवले आणि तिला घरी पाठवून दिले. त्या ठरावावर आमच्याही सह्या आहेत.

तिला अमुक विकार होता असे आम्ही म्हणत नाही, कारण डॉक्टरांना तिला कोणी दाखवलेच नाही. पण अशा लक्षणांचा एक विकार वैद्यकाला ठाऊक आहे. त्याला ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ म्हणतात. मराठीत सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार. पेनगंगेच्या दोन्ही तीरांवर सोयरीक असलेल्या आपल्यासारख्यांना सीमावर्ती हा शब्द नवा नाही! मात्र ही सीमा वेगळी. 1938 साली अ‍ॅडॉल्फ स्टर्न या डॉक्टरांनी काही रुग्णांसाठी हा शब्द वापरला, तो सौम्य मनोविकार आणि वेड यांच्या सीमेवरचे म्हणून. आता ती कल्पना मागे पडली, नाव तेवढे उरले.

हा विकार जडतो कशाने? एका कारणाने नव्हे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा बराच मोठा, जवळजवळ निम्मा, असल्याचे दिसते. म्हणून सारा दोष आईबापांच्या माथी मारणे अन्यायाचे. लहानपणी झालेली मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड, सोबत्यांकडून होणारा छळ यांनी धोका वाढतो. पण असे काहीच न घडलेल्या मुलांतही तो आढळतो. शिवाय भावनांचा वेग या वयात जोरात असतो आणि त्यांना लगाम घालणारा मेंदूचा भाग पुरता तयार व्हायला विशी उलटावी लागते.

अमेरिकेतील मार्शा लिनेहान या बाईंनी 1993 साली केलेली मांडणी आम्हांला विशेष पटली. काही मुले जात्याच हळवी असतात. दुसऱ्याला ओरखडा वाटेल तिथे त्यांना भाजते आणि ते लवकर शमत नाही. अशा मुलाला घरीदारी सतत ‘तुला काही झालेले नाही’ असेच ऐकावे लागले, तर स्वतःच्या भावनेवरचा त्याचा विश्वास उडतो. साधे बोललेले कोणी ऐकत नाही, टोकाचे केले की सारे धावतात, हे ते मूल शिकते. हळवा स्वभाव एकटा हे करीत नाही, घरही एकटे करीत नाही. दोन्ही एकमेकांना वाढवीत नेतात. लिनेहान बाई स्वतः 1961 साली, सतराव्या वर्षी, याच दुखण्याने इस्पितळात होत्या. हे त्यांनी उघडपणे सांगितले ते 2011 साली.

आता आपले वसतिगृह पाहा. गोंड वाड्यांतून, कापूसवाल्यांच्या घरांतून पोरे येतात. आठदहा वर्षांचे मूल आईपासून तुटते, भाषा बदलते. बहुतेक मुले हे पचवतात. ज्याला पचत नाही त्याला आम्ही ‘लाडावलेले’ म्हणतो.

मुलाच्या प्रत्येक हट्टापुढे मान तुकवा, असा याचा अर्थ नव्हे. ‘तुला फार लागले आहे, हे दिसते’ असे म्हणून मग नियम सांगता येतो. वयात येणाऱ्या मुलाची मनःस्थिती बदलतच असते, तेव्हा शेजारणीने नाव ठेवले म्हणून विकार ठरत नाही. तशी लक्षणे निदान वर्षभर टिकल्यावाचून डॉक्टरही अठराच्या आतील मुलाला हे नाव देत नाहीत. मात्र इजेची गोष्ट निघाली की वर्षभर थांबू नये. आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात दाखवावे. रात्रीबेरात्री सरकारच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. बोलण्याच्या, शिकवण्याच्या उपचाराने पुष्कळ मुले सावरतात.

स्वतःला इजा करणाऱ्या मुलाला वसतिगृहातून काढावे, हा आपला नियम अजून तसाच आहे. तो रद्द करून आधी डॉक्टर, मग पालक, आणि जागा मात्र राखून ठेवावी, असा ठराव आम्ही चिटणीसांकडे दिला आहे. उद्याच्या सभेत तो पहिला घ्यावा, ही विनंती.