नकाशा घरात असावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावे असे ठरले, तेव्हा ‘लोणच्यांवर बोला’ अशी सूचना आली होती. मी भूगोलावर बोलते म्हटले, तर दोघीतिघी हसल्या. हसण्यासारखेच आहे, कारण माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण आम्हांला भूगोलाच्या बाई फार चांगल्या होत्या. नकाशावर दोरा धरून अंतर कसे मोजायचे, हे त्यांनी शिकवले ते मी अजून विसरले नाही. तो दोरा अलीकडे एकदा उपयोगी पडला. ते पुढे सांगते.

आधी आपल्या नळाचे पाणी घेऊ. रावेतच्या बंधाऱ्यावर पवनेचे पाणी उचलतात, निगडीला शुद्ध करतात आणि ते आपल्या घरी येते. २०१९ साली एक दिवसाआड पाणी सुरू झाले, तेव्हापासून एवढे बहुतेकींना ठाऊक झाले आहे. पण वापरलेले पाणी जाते कुठे? आमच्या इमारतीतल्या मुलांना मी विचारले. एक म्हणाला, “गटारात!” बरोबर, पण तिथून पुढे? पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला, मुळामुठा भीमेला, आणि भीमा उजनीच्या धरणातून पंढरपुरास जाते. माझे माहेर पंढरपूर तालुक्यातले, भीमाकाठचे. म्हणजे आपण इथे नदीत जे सोडतो, ते माझ्या भावाच्या उसापर्यंत पोचते! पुढे भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. घाटाखाली अरबी समुद्र इतका जवळ, पण सह्याद्री आडवा उभा असल्यामुळे आपले पाणी पार पूर्व किनाऱ्यापर्यंत जाते. हे ऐकल्यावर तोच मुलगा म्हणाला, “मग काकू, आळंदीची इंद्रायणी?” तीही तुळापूरला भीमेलाच मिळते. मुलाने आपण होऊन असा प्रश्न विचारला, की त्याचा भूगोल सुरू झाला असे मी समजते.

शाळेत मात्र हा चाळीस गुणांचा विषय. २०२० च्या मार्चमध्ये दहावीचा शेवटचा, भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता. टाळेबंदी लागली, तो रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीने गुण मिळाले. माझा थोरला त्याच वर्षी दहावीला होता. मुलांनी गच्चीवर टाळ्या पिटल्या. नवल पाहा, चीनमधल्या वुहान शहरातला आजार आपल्या उंबरठ्यापर्यंत आला, आणि त्याच वर्षी भूगोलाची परीक्षा तेवढी झाली नाही! पुस्तक वाईट नव्हते, बरे का. मी दुपारी बसून वाचून काढले. भारत आणि ब्राझील यांची जोडीने तुलना केलेली, आणि पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा. पण क्षेत्रभेटीचा धडासुद्धा आपली मुले खोलीत बसून पाठ करतात, याला काय म्हणावे?

कोणी म्हणेल, मोबाईलमध्ये नकाशा आहेच की. आहे ना. तो डावीकडे वळा, उजवीकडे वळा एवढे सांगतो. आपण जिथे चाललो त्याच्या शेजारी कोणता देश आहे, हे तो आपण होऊन सांगत नाही.

आणि भगिनींनो, आपण राहतो ते गाव आता साधे राहिलेले नाही. चाकणला जर्मन लोकांचे मोटारींचे कारखाने आहेत. तिथे तयार झालेल्या फोक्सवॅगनच्या मोटारी मेक्सिकोपर्यंत गेल्या. २०२१ च्या मार्चमध्ये सुएझच्या कालव्यात एक अवाढव्य जहाज आडवे अडकले आणि सहा दिवस वाट बंद झाली. त्याच वर्षी मोटारीत लागणाऱ्या इवल्याशा चिप मिळेनात. त्यांतल्या पुष्कळशा तैवानात होतात. जगभर मोटारींचे कारखाने मंदावले. आमच्या ह्यांच्या पाळ्या तेव्हा कमी झाल्या आणि जादा कामाचे पैसे बंद झाले. तैवान कुठे आहे ते मी तेव्हा शोधून पाहिले. आपल्या महाराष्ट्राच्या मानाने केवढे लहान बेट!

आता त्या दोऱ्याची हकिगत. आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा पदविका झालेला, चाकणला कंत्राटी कामावर. २०२४ च्या दिवाळीनंतर त्याला मोबाईलवर निरोप आला: थायलंडमध्ये संगणकाचे काम, पगार इथल्या चौपट, विमानाचे तिकीट फुकट. वहिनी पेढे घेऊनच आल्या. मी विचारले, “गाव कोणते?” मुलगा म्हणाला, “बँकॉक. म्हणजे बँकॉकला उतरायचे, तिथून त्यांची गाडी नेणार, सात-आठ तास.” माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर धाकटीचा आशियाचा नकाशा आहे. मी शिवणाचा दोरा घेतला, प्रमाणपट्टीवर पाचशे किलोमीटर मोजले आणि एक टोक बँकॉकवर धरून दुसरे फिरवले. पश्चिमेला वळवले तर दोरा थेट म्यानमारच्या हद्दीला टेकला. मुलगा गप्प झाला. मग त्यानेच मोबाईलवर पाहिले. तिथे माई सोत म्हणून गाव आहे, मधे मोई नदी, आणि पलीकडच्या काठावर म्यानमारातले म्यावड्डी. नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांना तिथे डांबून त्यांच्याकडून संगणकावर फसवणुकीची कामे करून घेतात. आपल्या परराष्ट्र खात्याने २०२२ च्या सप्टेंबरमध्येच तसा इशारा दिला होता.

मुलाने दलालाला विचारले, “गाव कोणते, प्रांत कोणता, कंपनीचा पत्ता द्या.” उत्तर आले, “तिथे गेल्यावर कळेल.” सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर परवानाधारक दलालांची यादी असते. तिच्यात ह्याचे नाव नव्हते. मुलगा गेला नाही. वहिनी चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, हेही सांगून टाकते. त्यांनी लोकांना पेढे वाटले होते ना! पुढे २०२५ च्या मार्चमध्ये हवाई दलाच्या विमानांनी माई सोतहून ५४९ भारतीयांना परत आणले. ती बातमी घेऊन त्याच वहिनी माझ्याकडे आल्या. फार काही बोलल्या नाहीत. नकाशापुढे जरा वेळ उभ्या राहिल्या.

मुलांना घरी बसवा असे मी मुळीच म्हणत नाही. २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांताशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. त्या प्रांताची राजधानी श्टुटगार्ट, आणि चाकणला ज्यांचा कारखाना आहे त्या मर्सिडीजचे मूळ घरही तेच. उद्या आपल्यापैकी कोणाची लेक परिचारिका होऊन तिकडे जाईल. हिवाळ्यात त्यांचे घड्याळ आपल्यामागे साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. सकाळी आठला हौसेने फोन केलात तर पोर झोपेतून उठेल!

तर माझे मागणे दोन गोष्टींचे. आपण संक्रांतीला हळदीकुंकू करतो आणि दरवर्षी प्लॅस्टिकचे डबे लुटतो. प्रत्येकीच्या घरी ते रचून ठेवलेले आहेत. भूगोलाचे थोर अभ्यासक प्रा. सी. डी. देशपांडे यांचा जन्मदिवस १४ जानेवारी, आणि तो आपल्याकडे भूगोल दिन म्हणून पाळतात. पुष्कळदा संक्रांतही त्याच दिवशी. यंदा मंडळाने वाण म्हणून जगाचा घडीचा नकाशा द्यावा. डब्याहून महाग पडणार नाही, मी दुकानात विचारून आले आहे.

दुसरे, येत्या रविवारी मुलांना घेऊन रावेतचा बंधारा आणि दापोडीचा संगम पाहायला जायचे. पाचवीच्या पुढची मुले चालतील, कारखान्यात जाणारी मोठी मुले आली तर फारच उत्तम. सकाळी सात वाजता मंडळाच्या दाराशी जमावे. डबा आणि पाणी ज्याचे त्याने आणावे. नावे चिटणीसबाईंकडे शुक्रवारपर्यंत द्यावीत. दोरा मी घेऊन येईन.