सायकलीचा सांगाडा : सांधा आणि उष्णतोपचार

ॲल्युमिनियमचा तडकलेला सायकल-सांगाडा वेल्डिंगने जोडता येतो काय, या प्रश्नाचे उत्तर कारागीर बहुधा होकारार्थी देतो, आणि ते खोटेही नसते. सांधा जुळतो, पुष्कळदा तो सुबकही दिसतो. परंतु श्रोतेहो, धोका सांध्यात जितका असतो त्याहून अधिक त्याच्या शेजारच्या बोटभर रुंदीच्या पट्टीत असतो.

सायकलींसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ६०६१ या मिश्रधातूत मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असते. या दोहोंच्या संयुगाचे अतिसूक्ष्म कण धातूभर विखुरलेले असले, तरच त्याला बळ येते. या गुणाचा शोध तसा योगायोगाचा. १९०६ साली आल्फ्रेड व्हिल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाला आढळले की, तांबे व मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून एकदम थंड केले तर ते लगेच कठीण होत नाही. काही दिवस नुसते पडून राहिले म्हणजे होते. लोहाराचा अनुभव याच्या उलट आहे. पोलादाला पाणी दिले की ते तत्क्षणी कठीण होते.

वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याशेजारचे हे कण फुगून जाडेभरडे होतात, आणि मग त्यांचा उपयोग राहत नाही. पूर्ण उपचार झालेले ६०६१ सुमारे २७५ मेगापास्कल ताणापर्यंत कायमचे वाकत नाही. पूर्ण मऊ केलेले ५५च्या आसपासच वाकू लागते. सांध्याशेजारची पट्टी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते. नेमकी कोठे, हे डोळ्यांना दिसत नाही.

गेलेले बळ परत आणायचे तर संपूर्ण सांगाडा सुमारे ५३० अंश सेल्सियसपर्यंत तापवून पाण्यात बुडवावा लागतो आणि नंतर १६० ते १७५ अंशांच्या भट्टीत कित्येक तास मुरवावा लागतो. बुडवताना पातळ नळ्या पिळवटतात. म्हणून मुरवण्यापूर्वी, धातू मऊ असतानाच, सांगाडा सरळ करून घेतात. रंग आधी काढावा लागतो, पोलादी भागही सुटे करावे लागतात. सांध्यात भरलेली तारदेखील या उपचाराला दाद देणारी हवी. एवढा व्याप दुरुस्तीच्या दुकानात क्वचितच होतो. गॅसची ज्योत फिरवून हे साधेल असे मानणे तर निव्वळ घातक; तापलेले ॲल्युमिनियम पोलादासारखे लाल होत नाही, त्यामुळे ते किती तापले याचा अंदाजच येत नाही. वेल्डिंगनंतर नुसतेच मुरवूनही गेलेले बळ पुरते येत नाही.

जस्त व मॅग्नेशियम असलेले ७००५ याबाबतीत अधिक सोशिक. सांधा हवेत निवल्यावर तीन-चार आठवड्यांत त्याचे बरेचसे बळ आपोआप परत येते. कमी उष्णतेच्या भट्टीत ते लवकर येते. मात्र ६०६१ आणि ७००५ दिसायला सारखेच. नळीवर आकडा नसेल आणि तडा पुढच्या नळीपाशी, म्हणजे हँडलच्या खाली असेल, तर दुरुस्तीचा नाद सोडून नवा सांगाडा घ्यावा. तेथील नळी तुटली तर स्वाराला सावरायला वेळ मिळत नाही.