इतिहासाचा घास



या व्याख्यानमालेत मोठमोठ्या विषयांवर विद्वानांची भाषणे होतात. आमचा विषय त्या मानाने अगदी घरगुती आहे. घरी शिकणाऱ्या मुलांना इतिहास एका वेळी किती सांगावा, एवढाच. आम्ही म्हणजे आम्ही उभयता. बोलणारे तोंड एक असले तरी शिकविणारी माणसे दोन आहेत, आणि चुकाही दोघांनी मिळून केल्या आहेत.

नातवाच्या लांबलेल्या आजारपणात त्याची शाळा सुटली. तो बरा झाला, पण शिकणे घरीच चालू राहिले, आणि त्याचे पाहून त्याच्या थोरल्या बहिणीनेही तोच हट्ट धरला. गणित आणि भाषा यांची घडी लवकर बसली. गाडे अडले ते इतिहासापाशी. गणितात बेरजेनंतर वजाबाकी येते हे ठरलेले असते. इतिहासात कशानंतर काय सांगावे आणि काय सोडावे, हे सांगणाऱ्यालाच ठरवावे लागते. शाळेत निदान घंटा वाजते. घरी घंटा नाही, म्हणून शिकविणाऱ्याचे तोंड थांबत नाही.

नगरची मुले, तेव्हा निजामशाहीपासून आरंभ करावा, असे आम्ही ठरविले. १४९० ते १६३६ या १४६ वर्षांचे ३० सारखे भाग पाडून तक्ता आखला; रोज एक भाग. अहमद, बुऱ्हाण, हुसेन, मुर्तझा ही नावे पाढ्यांसारखी पाठ झाली आणि आम्हांला धन्यता वाटली. मग एके दिवशी किल्ल्याच्या खंदकाशी उभे असताना नातवाने विचारले, "आजोबा, चांदबीबी कितव्या भागात मेली?"

त्या संध्याकाळी आम्ही तो तक्ता गुंडाळून ठेवला.

ज्या किल्ल्यासमोर ही फजिती झाली, त्यानेच पुढची वाट दाखविली. ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत पंडित नेहरू येथे बंदिवासात होते आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ त्यांनी १९४४ साली येथेच लिहिला, हे नगरकरांस सांगावयास नको. पण आम्हांला उपयोगी पडले ते त्याआधीचे नेहरू. १९२८ च्या उन्हाळ्यात दहा वर्षांची इंदिरा मसुरीस होती आणि वडील अलाहाबादेस. त्यांनी तिला पृथ्वीची, प्राण्यांची, पहिल्या माणसांची हकीकत पत्रांतून कळविली. पुढे ऑक्टोबर १९३० मध्ये नैनीच्या तुरुंगातून तिच्या तेराव्या वाढदिवसाचे पत्र गेले, आणि ऑगस्ट १९३३ पर्यंत जगाच्या इतिहासावर १९६ पत्रे झाली. मध्ये सुटका झाली की खंड पडे. पुन्हा आत गेले की धागा उचलला जाई.

या पत्रांत सारखे भाग नाहीत. कोठे एका माणसापाशी लेखणी रेंगाळते, कोठे शतके ओलांडून जाते, कोठे मागे वळून आधीचे पुन्हा सांगते. आणि हे सारे करणाऱ्या बापाला लेकीचा चेहरा दिसत नव्हता! आमच्यासमोर दोन चेहरे रोज बसत होते, आणि आम्ही पाहत होतो तक्त्याकडे.

आता भाग किती मोठा यापेक्षा तो कोठे तोडावा, याचा आम्ही अधिक विचार करतो. चांदबीबीचेच घ्या. शाहजादा मुरादने १५९५ च्या अखेरीस किल्ल्याला वेढा दिला, सुरुंगाने तट पाडला, आणि बीबीने रातोरात खिंडार बुजवून घेतले. येथे थांबलो तर मुले टाळ्या वाजवून झोपायला जातात. पण १५९६ च्या तहात वऱ्हाड द्यावे लागले, हे त्याच बैठकीत सांगितले नाही तर तो विजय खोटा होतो. आणि १६०० साली, मोगल पुन्हा दाराशी असताना, तहाचे बोलणे करते म्हणून तिला तिच्याच लोकांनी मारले. हा घास मोठा आहे खरा. आम्ही तो दोन दिवसांत दिला; पण पहिल्या दिवशी उठताना सांगून ठेवले की गोष्ट संपलेली नाही. नात त्या रात्री रुसली. रुसू दिले.

काळाचे माप दाखविण्यास सुतळी कामास आली. ही युक्ती सौभाग्यवतींची, हे मान्य केले पाहिजे. दहा वर्षांना एक वीत धरून १४९० पासून आजपर्यंतची साडेत्रेपन्न वितींची सुतळी खोलीच्या भिंतींवर फिरविली आहे. मुराद परतला तेथपासून बीबी पडली तेथपर्यंत अंतर जेमतेम पाच बोटांचे, हे नातवाने स्वतः बोटे ठेवून मोजले. सुतळीवर मोकळ्या जागा पुष्कळ आहेत. तेथे काय झाले असे मुले विचारतात. "ते अजून सांगितलेले नाही," एवढेच आम्ही म्हणतो. काहीच घडले नाही असा समज मात्र होऊ देत नाही. अगदी टोकाशी, २०२४ च्या जागी, जिल्ह्याचे नवे नाव अहिल्यानगर असे नातीने लिहिले आहे. लगेच मागे जाऊन १७२५ पाशी चौंडी लिहिली, कारण अहिल्याबाईंचा जन्म तेथला.

पालक आम्हांला विचारतात, की अशाने मुले मागे नाही का पडणार? राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा वयाची १४ वर्षे झाल्यावर घरी शिकूनही देता येते. तेव्हा परीक्षेपुरती सनावळी ती बसून पाठ करतील. आमची भीती निराळी आहे. मुलांना जो तुकडा आम्ही देऊ तोच त्यांना पुरा इतिहास वाटेल. शाळेत दुसरे शिक्षक असतात, वर्गमित्र असतात, कोणीतरी हटकतो. घरी आजोबा बोलले की संपले.

म्हणून भातवडीपाशी आम्ही अडलो आहोत. हे गाव नगरपासून जवळच. १६२४ साली मलिक अंबराने तेथील तलावाचे पाणी सोडून वाटा चिखलात बुडविल्या आणि मोगल व आदिलशहा यांच्या एकत्रित फौजा मोडल्या. निजामशाहीच्या बाजूने शहाजीराजे होते आणि त्यांचे बंधू शरीफजी, जे त्या लढाईत पडले. दोघा भावांची नावे नगरच्या शाहशरीफ पीरावरून ठेवली, अशी परंपरा आहे. आणि पलीकडे मोगलांच्या बाजूला होते लखुजी जाधव, म्हणजे जिजाऊंचे वडील, शहाजीराजांचे सासरे.

नातवाने विचारले, "मग आपले कोण?"

दोन वर्षांपूर्वी आम्ही झटकन उत्तर देऊन पुढचा भाग काढला असता. यंदा पाठ तेथेच थांबविला. येत्या रविवारी दोघांना भातवडीच्या तलावावर नेणार आहोत. नातवाने लखुजी जाधवांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून ठेवले आहेत. ते सात झाले आहेत, आणि वही आम्हांला पाहू देत नाही.