न्यूट्रॉनचे तापमान
(हौगांग येथील वार्षिक स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आमच्यापैकी कित्येकांचे बालपण चेंबूर, गोवंडी, मानखुर्द या भागांत गेले. घारापुरीला जाणाऱ्या लाँचमधून तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावरचा घुमट दिसला की मोठी माणसे म्हणत, "ती अणुभट्टी." आत काय पेटले आहे, असे आम्ही विचारीत असू, उत्तर कोणापाशीही नसे. आज हौगांगमध्ये वाढणारी आमची मुले तोच प्रश्न विचारतात. दुसऱ्या पिढीलाही "ठाऊक नाही" असे सांगण्याची वेळ येऊ नये, म्हणून हा विषय आम्ही निवडला आहे.

त्या भट्टीत लाकूड-कोळशासारखे काहीच पेटलेले नसते. तेथे युरेनियमच्या अणूंची केंद्रके फुटतात आणि त्यांतून न्यूट्रॉन बाहेर पडतात. १९३२ साली जेम्स चॅडविक यांनी केंब्रिज येथे शोधलेल्या या कणावर विद्युतभार नसतो. त्यामुळे तो दुसऱ्या अणूच्या केंद्रकापर्यंत सहज जाऊन पोहोचतो. जन्मतः त्याचा वेग सेकंदाला सुमारे २०,००० किलोमीटर असतो. इतक्या वेगवान न्यूट्रॉनकडून युरेनियम-२३५ चे केंद्रक फुटण्याची शक्यता कमी असते. तो मंदावला की ती शेकडो पटींनी वाढते.

ही मंदगतीची किमया १९३४ च्या ऑक्टोबरमध्ये रोम येथे एन्रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानी आली. पॅराफिन मेणातून गेलेले न्यूट्रॉन चांदीला कितीतरी अधिक किरणोत्सारी करीत होते. याचे कारण इमारतीखालच्या मोकळ्या जागेत गोट्या खेळणारे मूलही सांगू शकेल. गोटी मोठ्या दगडावर आपटली तर जवळजवळ त्याच वेगाने परतते; तेवढ्याच वजनाच्या गोटीला नेमकी लागली तर स्वतः थांबते आणि दुसरीला पळविते. मेणातील व पाण्यातील हायड्रोजनचे केंद्रक न्यूट्रॉनच्याच वजनाचे असते. अशा सुमारे १८ टकरींत न्यूट्रॉनचा जवळजवळ सारा वेग ओसरतो.

येथे तापमानाचा प्रश्न येतो. तापमान म्हणजे कणांच्या धडपडीचे माप. ते एकट्या कणाला नसते, समुदायाला असते. मंदावलेला न्यूट्रॉन पाण्याच्या अणूंकडून जितकी ऊर्जा घेतो तितकीच त्यांना देऊ लागला, की तो त्या पाण्याच्याच तापमानाचा झाला असे म्हणतात. २० अंश सेल्सियसला अशा न्यूट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे २,२०० मीटर असतो. त्यालाच औष्णिक न्यूट्रॉन हे नाव आहे. १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये मून आणि टिलमन यांनी मेण अतिशय थंड केले, तेव्हा न्यूट्रॉनचा परिणामही बदलला. न्यूट्रॉन आपल्या सोबत्यांचे तापमान घेतो, याचा तो पुरावा होता.

तुर्भ्याच्या अणुभट्ट्या याच तत्त्वावर उभ्या राहिल्या. ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झालेल्या अप्सरेत साधे पाणी मंदायक होते. १९६० च्या सायरसमध्ये आणि १९८५ च्या ध्रुवमध्ये जड पाणी. सायरस २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली.

आता संशोधनाचा भाग. न्यूट्रॉन तरंगासारखाही वागतो. औष्णिक न्यूट्रॉनची तरंगलांबी स्फटिकातील दोन अणूंमधील अंतराएवढी भरते, आणि त्याची ऊर्जा अणूंच्या थरथरीच्या ऊर्जेएवढी. तेवढ्याच तरंगलांबीच्या क्ष-किरणाची ऊर्जा अडीच लाखांहून अधिक पट असते. त्यात अणूची थरथर हरवून जाते. न्यूट्रॉन मात्र स्फटिकातून जाताना किती ऊर्जा गमावली वा मिळविली, हे स्पष्ट सांगतो. कॅनडातील चॉक रिव्हर येथे बर्ट्रम ब्रॉकहाउस यांनी ही पद्धत सिद्ध केली. त्यांना व क्लिफर्ड शल यांना १९९४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ब्रॉकहाउस यांच्यासमवेत जर्मेनियमवर काम केलेले पी. के. अय्यंगार तुर्भ्याला परतले आणि तेथे उपकरणे घडविली जाऊ लागली. त्यांपैकी एक उपकरण १९६० च्या दशकात फिलिपिन्सच्या अणुभट्टीवर बसविण्यात आले आणि आग्नेय आशियातील तरुण शास्त्रज्ञ त्यावर शिकले. म्हणजे ही विद्या तुर्भ्याहून या प्रदेशात आमच्या आधीच पोहोचली होती.

मंद हालचाल पाहावयाची तर न्यूट्रॉन आणखी थंड करतात. उणे २५३ अंशांच्या द्रवरूप हायड्रोजनमधून निघालेला न्यूट्रॉन सेकंदाला जेमतेम ५७५ मीटर जातो. जे जाणून घ्यावयाचे, त्याप्रमाणे न्यूट्रॉनचे तापमान निवडावे लागते.

सत्य लपविणे आम्हांस मान्य नाही. सायरसमध्ये तयार झालेले प्लुटोनियम १९७४ च्या पोखरण चाचणीत वापरले गेले. मंद न्यूट्रॉन स्फटिकाचे रहस्य सांगतो आणि बाँबचे द्रव्यही घडवितो, निवड माणसाची. ती डोळसपणे करावयाची, तर घुमटाच्या आत काय चालते हे आधी कळले पाहिजे. म्हणून मुलांनो, उत्तर कोणापाशी नसेल तेव्हाही प्रश्न सोडू नका. आम्ही तो इथवर सोबत आणला आहे; पुढे तुम्ही न्या.

जयभीम.